शिंप्याच्या बायकोची कथा: दुःखावरच्या कथेचा लघुपट करताना

कोरडवाहू

एका दिवाळी अंकात आलेली नऊ पानांची कथा हाताशी आहे, अंदाजे ३००० शब्द. गाव अंबाजोगाई-केज पट्ट्यातलं. गावचा शिंपी वारलाय. बायको तेरा दिवस कोपऱ्यात बसून आहे आणि गिऱ्हाइकं येतच राहतात, कारण कुणाचं झंपर (ब्लाउज), कुणाच्या पोराची चड्डी, सगळं अर्धवट शिवलेलं मशीनजवळ पडलंय. एक झंपर तर सुईखालीच अडकून आहे. बाईला वाचता येत नाही. मापाची वही नवऱ्याच्या अक्षरात.

सगळी कथा बाईच्या मनातून, 'मी' करून लिहिलेली. अर्ध्याहून जास्त मजकूर नुसता विचार. लेखक हयात आहेत, तोंडी होकार दिलाय.

बेत असा: लांबी १४ मिनिटं, शूटिंग ४ दिवस, एकूण माणसं ११, एक कॅमेरा, जानेवारी महिना. पटकथेपासून ध्वनीपर्यंत काय चुकू शकतं ते मोकळेपणानं सांगा. कौतुक नको.

---

बिनपगारी_वकील

पटकथेला हात लावायच्या आधी तोंडी होकार कागदावर आणा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. फोनवरचं "करा की" कोर्टात उभं राहत नाही.

करारात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो, म्हणजे परदेशातल्या महोत्सवाला पाठवताना पंचाईत. आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट: करारात वेगळं काही म्हटलं नसेल आणि तुम्ही वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही, तर हस्तांतरण आपोआप रद्द होतं. लघुपटांचं वर्ष पैसे जमवण्यातच जातं, म्हणून "कलम १९(४) मधील एक वर्षाची अट लागू नाही" असं वाक्य घालून घ्या. माध्यमं एकेक करून लिहा: महोत्सव, ओटीटी, यूट्यूब, टीव्ही, उपशीर्षकांसह इतर भाषा. मोबदला एक रुपया असला तरी आकडा लिहा.

कलम ५७ प्रमाणे लेखकाचं नाव देणं आणि त्याची बेअब्रू होईल अशी मोडतोड न करणं हे हक्क विकल्यावरही त्याच्याकडेच राहतात. म्हणून अंतिम पटकथेच्या प्रत्येक पानावर लेखकाची सही घ्या. शेवट बदलणार असाल तर नक्कीच.

---

तुरीच्या_घुगऱ्या

अंकात छापून आलीय ना? मग संपादकाची परवानगी पुरे नाही का?

---

बिनपगारी_वकील

नाही. बाहेरून लिहिणाऱ्या लेखकानं लेखी हक्क दिले नसतील तर ते त्याचेच. संपादकाला सौजन्य म्हणून कळवा, श्रेयनामावलीत अंकाचं नाव द्या.

पुढं कुणाला उपयोगी पडेल म्हणून: लेखक वारले असतील तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, एका मुलाची चालत नाही. मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतो. १९६५ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२६ पासून मोकळं झालं.

---

गोदाकाठची

पटकथेबद्दल. कथेची झेरॉक्स काढा आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. दिसतं ते एका रंगात, ऐकू येतं ते दुसऱ्या, नुसतं मनात आहे ते तिसऱ्या. तिसऱ्या रंगातल्या प्रत्येक वाक्यापुढं चारातलं एकच उत्तर लिहायचं: वस्तू, हातांचं काम, आवाज, नाहीतर काट. पाचवं उत्तर, म्हणजे "संवादात घालू", हे मोहाचं. शोकातली बाई आपल्या दुःखावर भाषण देत नाही. ती विचारते, "दूध तापवलं का?"

"त्यांच्या बोटांना खडूचा वास यायचा" हे वाक्य धरा. वास पडद्यावर येत नाही. पण पांढऱ्या खडूचा पुसट डाग तिच्या लुगड्याच्या पदरावर तिसऱ्या दिवशी आहे, दहाव्या दिवशी आहे आणि तेराव्यानंतर लुगडं धुवून वाळत घातलंय. एवढं पुरतं. "आता मला कोण विचारणार" या वाक्याला मात्र वस्तू शोधू नका. काट.

तेरा दिवस सगळे दाखवायला जाल तर विधींचा माहितीपट होईल. १४ मिनिटांत तीनच मुक्काम झेपतात: तिसरा दिवस, दहावा आणि तेराव्यानंतरची पहिली सकाळ, पाहुणे गेलेले, सतरंज्या गुंडाळलेल्या. ती सकाळ मोठी ठेवा, निदान पाच मिनिटं. कथेत ती अर्धं पानच असेल, पण कॅमेऱ्यासाठी सगळा ऐवज तिथं आहे.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा हिशेब इथं धरू नका. "ती झंपर सुईखालून काढते" ही एक ओळ पडद्यावर दीड मिनिट खाईल. प्रत्येक प्रसंग स्टॉपवॉच लावून, घरात उठून-बसून करून बघा आणि ते सेकंद पटकथेच्या समासात लिहा.

---

माळवद

गोदाकाठची ताईंना दुजोरा, पण आधी घराची जात-पंथ ठरवा. लातूर, धाराशिव, नांदेडकडं लिंगायत घरात दफन असतं, तिथं राख सावडण्याचा प्रसंगच येत नाही. नामदेव शिंपी घर असेल तर दहन, तिसऱ्याला राख, दहाव्याला पिंड, तेराव्याला गोड जेवण हे साधारण जमतं, आणि भिंतीवर विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरीशेजारी नामदेव महाराजांची तसबीर हवीच. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानतात, तिथल्या यात्रेतली तसबीर मिळाली तर उत्तम. बारीकसारीक रीत गावागणिक बदलते. ज्या गावात शूट आहे तिथल्या दोन म्हाताऱ्या आणि दहाव्याचा विधी करणारे गुरुजी यांना पटकथा वाचून दाखवा.

लोकेशन. माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं, घर बघा असा सल्ला सगळे देतील, मीही देतो. जाड मातीच्या भिंतींनी बाहेरचा आवाज अडतो, घुमत नाही, आणि छतातल्या उजेडाच्या भोकातून उतरणारा कवडसा विकत मिळत नाही. पण कथेचं गाव कोणतं ते पाहून. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागात लोकांनी दगडमातीचा धसका घेतला, कितीतरी गावं नव्या जागी सरळ रेषेत वसली. त्या भागातली आजची कथा जुन्या माळवदात घडवली तर तिथला माणूस पहिल्या मिनिटाला उठून जाईल. अंबाजोगाई-केज धरलंय ते ठीक आहे.

पत्र्याचं घर घेऊ नका. ऊन चढताना आणि संध्याकाळी निवताना पत्रा टणाटण वाजतो, नेमका तुमच्या चांगल्या उजेडाच्या वेळी.

---

खटका

ध्वनीकडून लिहितो. या चित्रपटात ध्वनी हेच दुसरं पात्र आहे, कारण मेलेला माणूस आपल्याला फक्त मशीनच्या आवाजातून माहीत होणार.

पायमशीनचा आवाज शूटिंगच्या वेळी मिळेल त्यावर सोडू नका. वेगळा अर्धा दिवस ठेवा. एक माइक चाकाजवळ वीतभर अंतरावर, दुसरा पायट्याजवळ खाली, तिसरा भिंतीपलीकडं. शेजारणीला ऐकू येतो तसा आवाज हा तिसरा, आणि तोच सगळ्यात जास्त वापरला जाईल. तीन वेगात, कापडासह आणि कापडाशिवाय, थांबतानाचा शेवटचा खटका वेगळा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास. रडण्याच्या प्रसंगाला मात्र ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर मिळाला तर घ्या. कुजबुजीवरून हंबरडा अर्ध्या सेकंदात जातो आणि तिथं आवाज फाटला तर तो टेक परत मागता येत नाही.

प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज ६० सेकंद, सगळी माणसं जागच्या जागी उभी ठेवून. पंखा, फ्रीज बंद. फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना चालू करायला विसरणार नाही.

आता जानेवारी. उजेड सोन्यासारखा, पण उसाचा हंगाम ऐन भरात. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्यावर छाती दडपणारे गाण्यांचे डेक. कारखान्याच्या वाटेवरचं गाव घेतलंत तर एक वाक्य धड मिळणार नाही. मुख्य रस्त्यापासून निदान दीड-दोन किलोमीटर आत जा. शिवाय गावात हरिनाम सप्ताह कधी आहे, आठवडी बाजार कोणत्या वारी, देवळाचा भोंगा किती वाजता, शेतीपंपाला वीज दिवसा की रात्री, हे चार प्रश्न लोकेशन पसंत करण्याआधी विचारा. घराला लागून विहीर असेल तर वीज आली की मोटर सुरू होणारच.

---

तुरीच्या_घुगऱ्या

आणखी एक. त्या हंगामात ऊसतोडीची घरं पार सांगली-कोल्हापुरापर्यंत गेलेली असतात. दहाव्याच्या गर्दीला माणसं मिळायची नाहीत, म्हातारे आणि लेकरंच उरतात.

---

गोदाकाठची

ते तर कथेच्या बाजूनंच आहे की. भेटायला येणाऱ्यांत तरुण माणूसच नाही, कपडे न्यायला आज्या आल्यात नातवांच्या चड्ड्यांसाठी. गर्दी जमवायचा खर्च वाचला. पटकथेत जानेवारी लिहूनच टाका आणि एका दारावर कुलूप दाखवा.

---

तुरपाई

मशीनवाल्या प्रसंगाबद्दल कुणीच लिहीना म्हणून लिहिते. चित्रपट तिथंच जिंकेल नाहीतर हरेल.

शिवण अर्ध्यात सोडली म्हणजे सुई कापडात खाली रुतलेली आणि कापड दाबून धरणारा वरचा दाब खाली टेकलेला असतो. ते झंपर बाहेर काढायचं तर चार कामं करावी लागतात: चाक हातानं आपल्याकडं फिरवून सुई वर आणायची, मागचा खटका उचलून दाब सोडायचा, कापड मागच्या बाजूला ओढायचं, आणि वरचा व बॉबिनचा असे दोन्ही धागे कात्रीनं तोडायचे. कापड नुसतं हिसकलं तर सुई वाकते. म्हणजे तिला चार वेळा ठरवावं लागतं आणि चारही वेळा थांबायची सोय आहे. याहून चांगला प्रसंग लेखकानं तुम्हाला काय द्यावा! पार्श्वसंगीत इथं लावलंत तर भांडण होईल.

तयारी: एकाच थानातून सहा झंपरांचं कापड एकदम घ्या, प्रत्येकी एक मीटर धरून सहा मीटर. नंतर तोच रंग मिळत नाही. सहाही एकाच मापानं कापून, अस्तर लावून, एकाच ठिकाणापर्यंत शिवून ठेवा. शिवण काखेपासून किती बोटांवर थांबली ते मोजून फोटो काढा. धागा तोडण्याचा प्रत्येक टेक म्हणजे एक झंपर गेलं, सहापेक्षा जास्त टेक नाहीत हे दिग्दर्शकाला आधीच सांगा. सोळा नंबरच्या सुया डझनभर, एक जादा चामडी पट्टा, मशीनचं तेल. पण तेल आवाज रेकॉर्ड झाल्यावर घाला, जुन्या मशीनची करकर तेलानं जाते.

नटीला पायमशीन शिकवायला आठवडा लागतो, रोज अर्धा तास. पहिले दोन दिवस धाग्याविना, मग रेघा मारलेल्या कागदावर, मग कापडावर. नवशिक्याचं चाक उलटं फिरतं आणि धागा तुटतो किंवा खाली गुंता होतो. कथेतली बाई स्वतः शिवणारी नाही, पण तीस वर्षं शेजारी बसून काज-बटण आणि तुरपाई केलेली आहे. तिच्या हाताला सुई सराईत हवी आणि पायट्यावर पाय अनोळखी. हा फरक दिसला पाहिजे.

---

कोरडवाहू

तुरपाई, हे सोन्याचं आहे. निवेदनाचं काय करू? लेखकांची इच्छा आहे की कथेतली चार-पाच वाक्यं बाईच्या आवाजात यावीत.

---

माळवद

दोन वाक्यं ठेवायला हरकत नाही, अगदी सुरुवातीला. लेखकाचा मान राहतो आणि प्रेक्षक पटकन आत येतो.

---

गोदाकाठची

माझा विरोध. कथेची भाषा प्रमाण आहे, बाई बोलते ती "कामून आलाव", "मपलं काय अडलंय" अशी. निवेदनात एक बाई आणि संवादात दुसरी असं होतं. कथेतलं 'मी' बोलीत आणलंत तर लेखकाची वाक्यं उरत नाहीत, मग अट्टाहास कशाला?

त्यापेक्षा वही वापरा. बाईला वाचता येत नाही, शेजारचं पोरगं तिला मापं वाचून दाखवतं, कुणाचे कपडे कोणते ते ओळखायला. "छाती छत्तीस, कंबर बत्तीस, उंची चौदा, बाही आठ." पोरगं शाळेत पाढे म्हणतात तसं वाचतंय आणि ती कापडं वेगळी करतेय. मेलेल्या माणसाचे शब्द म्हणून एवढेच. फक्त शेवटच्या पानावर तिचंच माप निघतं आणि सुईखालचं झंपर तिचंच असतं, हा मोह टाळा. लेखकानं तसं केलं असेल तर त्यांच्याशी बसून बोला.

---

कोरडवाहू

केलंय. बरोब्बर तसंच केलंय.

---

गोदाकाठची

मग ते कुणाचं हे न सांगता सोडून द्या. सगळे कपडे गेले, एक उरलं, पोरगं वही मिटून खेळायला पळालं. ज्याला कळायचं त्याला कळेल. आणि हा बदल वकीलसाहेबांनी सांगितला तसा सहीनिशी मंजूर करून घ्या.

---

बिनपगारी_वकील

पोरगं आलं म्हणजे नियम आले. १४ वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पालकांची लेखी संमती, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाच्या निदान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत. अर्ज शूटिंगच्या महिनाभर आधी टाका, कार्यालयात फेऱ्या होतात.

शेळी, कुत्रा असं जनावर पात्र म्हणून वापरणार असाल आणि पुढं सेन्सॉर प्रमाणपत्र हवं असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. शूटिंग झाल्यावर ती मिळवणं म्हणजे डोकेदुखी. नकोच असेल तर चौकटीत जनावर येऊ देऊ नका.

---

तुरीच्या_घुगऱ्या

दहाव्याच्या कावळ्याची परवानगी कुणाची घ्यायची?

---

खटका

कावळा दाखवूच नका. पिंडाला कावळा शिवतो का याची वाट बघण्यात शूटिंगची अख्खी सकाळ जाते, आणि मराठी पडद्यानं तो कावळा वापरून वापरून झिजवलाय. वाट बघणाऱ्यांची तोंडं धरा. कावळ्याचा आवाज आधी लांबून, मग जवळ, मग पंखांची फडफड, मग बायकांचे पदर हलले. आवाज दुसऱ्या दिवशी पहाटे नदीकाठी वेगळा घ्या, मागं गाडीचा आवाज नसेल तेव्हा.

---

माळवद

कॅमेऱ्याचं थोडक्यात. सेकंदाला २५ फ्रेम, शटर सेकंदाचा १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, घरातल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी त्याशिवाय लुकलुकतात. २४ वरच करायचं असेल तर शटरचा कोन १७२.८ अंश. मात्र थिएटरसाठी डीसीपी (पडद्यावर दाखवायची डिजिटल प्रत) २४ वर बनवलीत तर २५ चं चित्र ४ टक्के हळू चालेल, १४ मिनिटांची फिल्म १४ मिनिटं ३५ सेकंदांची होईल आणि आवाजाची पट्टी उतरेल, ती दुरुस्त करून घ्या.

फोर-के चित्रण प्रोरेस एचक्यू या फाइल-प्रकारात २५ फ्रेमला तासाला अंदाजे ३३० जीबी खातं. एका मिनिटाच्या फिल्मला आठ मिनिटं चित्रण असं प्रमाण धरलं तर दोन तासांना थोडं कमी चित्रण, म्हणजे साडेसहाशे जीबीच्या आत. दोन टीबीच्या दोन डिस्क, आणि रात्री त्या दोन वेगळ्या माणसांच्या उशाला.

जुन्या घरातलं साधं सॉकेट ५ अँपिअरचं, हजार वॉटच्या वर भार टाकू नका. ३०० वॉटचा एक एलईडी पुरतो, तोही दाराबाहेरून, पातळ पांढऱ्या धोतरातून. आत दिवे मांडत बसलात की शोकाच्या घराचं टीव्ही मालिकेतलं घर होतं. जानेवारीत सातच्या सुमारास उजाडतं. पूर्वेच्या दाराचं घर असेल तर साडेसात ते नऊ हा वेळ फक्त त्या शेवटच्या सकाळीसाठी राखा, चारही दिवस. दीड तास गुणिले चार म्हणजे सहा तास मिळाले.

---

गोदाकाठची

रडण्याच्या प्रसंगाचा क्रम. भेटायला आलेल्या बायका गळ्यात पडून सूर धरून रडतात तो प्रसंग असेल तर आधी मुख्य नटीचा जवळचा शॉट घ्या, मग लांबचा. पद्धत उलटी शिकवतात, पण तिसऱ्या टेकनंतर रडणं घशात राहतं, डोळ्यांत येत नाही. गावच्या बायकांकडून तो सूर हवा असेल तर त्यांना आधी विचारा की गेल्या वर्षभरात घरात कुणी गेलंय का. गेलं असेल तर त्या बाईला या प्रसंगात घेऊ नका. इतर प्रसंगात घ्या, चहाच्या घ्या.

बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं दाखवायचं का हेही ठरवा. कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर गावांनी तसं करावं म्हटलं. प्रथा सगळीकडं थांबली असं नाही. पण कथा आजची असेल तर घरात त्यावरून दोन मतं असणार. आतल्या खोलीतून नणंदेचा आवाज, "आता न्हाई करीत कुणी ते", आणि त्यावर कुणीच उत्तर देत नाही. एवढं पुष्कळ. काचेचा खळ्ळकन आवाज आणि क्लोजअप नको.

---

माळवद

तिरडी रस्त्यावरून नेणार असाल तर आदल्या दिवशी पोलीस पाटलांना आणि ठाण्याला लेखी कळवा, ग्रामपंचायतीचं पत्र खिशात ठेवा. नाहीतर तालुक्याला बातमी पोचते की अमक्या गावात कुणीतरी गेलं आणि पाहुण्यांचे फोन सुरू होतात. स्मशानात काम असेल आणि खरी अंत्ययात्रा आली तर सामान उचलून बाजूला व्हायचं, त्या दिवसापुरतं तिथलं काम बंद. वेळापत्रकात त्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा.

---

कोरडवाहू

स्मशान आणि तिरडी दोन्ही काढून टाकतोय. मयत घराबाहेर पडल्यानंतरच सुरुवात. अर्धा दिवस वाचला, तो खटकांच्या मशीन-रेकॉर्डिंगला. शेवट गोदाकाठची ताई म्हणतात तसा लेखकांपुढं ठेवतो.

पाठवायचं कुठं आणि कशा क्रमानं?

---

बिनपगारी_वकील

आधी महोत्सव, मग यूट्यूब. काही महोत्सव आधी नेटवर चढलेली फिल्म घेत नाहीत. घरचा म्हणून छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सव, लघुपटांसाठी मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), केरळात तिरुवनंतपुरमचा लघुपट-माहितीपट महोत्सव. प्रत्येकाची लांबीची आणि निर्मितीवर्षाची अट प्रवेशिका भरताना त्या वर्षीच्या नियमावलीतच बघा. राष्ट्रीय पुरस्काराला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, त्या वर्षीच काढा.

अभंग वापरणार असाल तर नामदेवांचे शब्द मोकळे आहेत, पण कॅसेटवरचं कुणाचं तरी गायन मोकळं नाही आणि अलीकडच्या संगीतकारानं बांधलेली चालही नाही. गावच्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या आणि त्यांचंही संमतिपत्र करा.

---

खटका

उपशीर्षकं करताना वहीतली मापं गाळू नका. बरेच जण "आकडेच तर आहेत" म्हणून सोडून देतात. दोन ओळींच्या वर नाही, ओळीत चाळीसेक अक्षरं, पण प्रत्येक आकडा पडद्यावर यायला हवा. आणि इंच तसेच ठेवा, परदेशी प्रेक्षकासाठी सेंटिमीटर करत बसू नका.

---

तुरपाई

वहीसुद्धा खऱ्या शिंप्याकडून लिहून घ्या हो. लांब, अरुंद, जिल्द बांधलेली वही असते, नाव, खाली मापं, बाजूला नमुन्याच्या कापडाचा तुकडा टाचणीनं लावलेला. गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव कधीच नसतं, "पाटलाची सून", "शाळेतल्या बाई", "निळं दार" असं असतं. चाळीसेक पानं भरलेली हवीत, पोरगं मधलं कुठलंही पान उलटू शकतं.